मोटारीचें खरें वय



जुनी वस्तु घेतांना तिचें वय ताडून पाहणें हा व्यवहार आपणांस नवा नाहीं. बैल घेणारा शेतकरी धन्याचें सर्व बोलणें ऐकून घेतो; पण दांत पाहिल्यावांचून इसार देत नाहीं. जपानांतून परदेशीं जाणाऱ्या वापरलेल्या मोटारींचे दांत कोठें पाहावे, हें आज सांगण्याचा विचार आहे.

जपानांत आपल्याप्रमाणेंच वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. त्यामुळें तेथील जुन्या मोटारी केनिया, मॉरिशस अशा देशांत फार खपतात, आणि तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांनाही हा व्यवहार करावा लागतो. केनियांत आठ वर्षांहून जुनी मोटार आणतां येत नाहीं. भारताचा नियम याहून कडक आहे : निर्मितीपासून तीन वर्षांच्या आंतील मोटारच आणतां येते, आणि तीही मुंबई बंदरांतूनच. एका वर्षाच्या फरकानें मोटार बंदरांत अडकते. म्हणूनच वय चोरण्याचा मोह उत्पन्न होतो.

पहिली अडचण सनाची. जपानी कागदांवर सम्राटाच्या कारकीर्दीचा सन असतो. आम्हां मराठवाड्यांतील लोकांस याचें नवल वाटूं नये. निजामी अमलांतील कागदांवर फसली सन आहे. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. त्याच रीतीनें हेइसेई सनांत १९८८ व रेइवा सनांत २०१८ मिळवावे. हेइसेई ३० म्हणजे २०१८. मात्र १ मे २०१९ रोजीं नवी कारकीर्द सुरू झाल्यामुळें हेइसेई ३१ आणि रेइवा १ हीं एकाच वर्षाचीं दोन नांवें आहेत.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. कागदावरील तारीख पहिल्या नोंदणीची असते, निर्मितीची नव्हे. मोटार तयार होऊन कित्येक महिने विक्रीवांचून पडून राहूं शकते. बारशाची तारीख ही जन्माची तारीख नव्हे, तसेंच हें. अमेरिकेंत विकावयाच्या मोटारींच्या सतरा अंकाक्षरी क्रमांकांत दहावें अक्षर सालाचें असतें. पण जपानच्या घरच्या बाजारासाठीं केलेल्या मोटारीच्या सांगाड्यावरील क्रमांकांत नमुन्याची खूण व अनुक्रमांक एवढेंच असतें. म्हणून तो क्रमांक निर्मात्याच्या नोंदींशीं ताडून पाहावा लागतो.

यानंतर मोटारीच्या अंगावरील साक्षीदार तपासावे. सीटबेल्टच्या टोकाशीं शिवलेली चिठी, कांचेच्या कोपऱ्यांतील खूण, प्लॅस्टिकच्या भागांवर आंतून उठविलेलें सालाचें वर्तुळ, हे ते साक्षीदार. टायरवर चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पण टायर बदलला जातो, म्हणून त्याची साक्ष दुबळी. मूळचे भाग मोटारीच्या थोडे आधीं बनतात. ते सर्व २०१४ सालचे असून कागद २०१७ म्हणत असेल, तर कागदावर संशय घ्यावा. एकच कांच निराळ्या सालाची निघाली, तर ती बदललेली असेल. तेवढ्यावरून निर्णय करूं नये.

ही रीत केवळ मोटारींची नव्हे. आमचें तेर गांव म्हणजे प्राचीन तगर. येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. तिच्यावर साल कोरलेलें नाहीं. परंतु तिच्याशीं साम्य असलेली मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें सांपडली. तें शहर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. अर्थात् तेथील मूर्ति त्यापूर्वींची, आणि तेरची मूर्तिही साधारण त्याच काळाची असावी, असें अनुमान निघतें. तेथें कागद मुळींच नाहीं. तरीही वस्तूंच्या साक्षी परस्परांशीं ताडल्यानें काळ उमगतो.

तेव्हां पैसे धाडण्यापूर्वीं सांगाड्याचा क्रमांक, नोंदणीचा मूळ कागद, आणि पट्टे व सर्व कांचा यांचीं स्पष्ट छायाचित्रें मागवावीं. प्रामाणिक विक्रेत्यास या मागणीचा राग येण्याचें कारण नाहीं. ज्याला राग येईल, त्याच्याशीं व्यवहार न करणें बरें. गृहस्थाची अनेक वर्षांची शिल्लक अशा एका खरेदींत जाते. तिच्या रक्षणासाठीं दोन दिवसांचा विलंब सोसणें हें शहाणपणाचेंच होय.