पैठणास गेल्यावर काय पाहावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाची सहल काढावी, असा विषय बैठकीत दोनदा निघाला. दोन्ही वेळा "बायकांनी एवढ्या लांब कशाला?" या प्रश्नावर तो मिटला. म्हणून आज मी पैठणची माहिती सांगते. मी तेथे एक मुक्काम करून आले आहे. ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

आपल्या जळकोटापासून समुद्र फार दूर. पण मराठवाड्याचा समुद्र पाहायचा असेल तर पैठणचा नाथसागर पाहावा. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचे हे पाणी. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७. जायकवाडी हे गाव खरे म्हणजे बीड जिल्ह्यातले. धरण आधी तेथे व्हायचे होते. जागा बदलली, नाव तेवढे राहिले.

सकाळी आधी गावातला नाथांचा वाडा पाहावा. तेथे तो रांजण आहे. श्रीखंड्या होऊन देवाने नाथांघरी बारा वर्षे पाणी भरले, अशी श्रद्धा आहे. नाथषष्ठीच्या आधी लोक त्यात पाणी ओततात. देवाने बारा वर्षे पाणी भरले तर त्याची कथा झाली. आपण जन्मभर भरतो, त्याचे कोणी नावही घेत नाही! मग नदीकाठी नाथांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. नाथांनी १५९९ साली देह ठेवला. जवळच नागघाट आहे. ज्ञानेश्वर माउलींनी रेड्यामुखी वेद वदविले ते ठिकाण हेच, असे सांगतात.

दुपारी पैठणी विणताना पाहावी. सरकारी केंद्रात हातमाग आहेत. पदरावरचा मोर एकेक रंगाचा धागा हाताने गुंतवून काढतात. एका लुगड्याला कित्येक आठवडे, नक्षी भारी असेल तर महिने लागतात. घ्यायची ऐपत नसली तरी पारख शिकून यावी. पदर उलटा करावा. हातमागाची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागे धागे लोंबत असतात.

पैठणचा व्यापार फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवहीत पैठणचे नाव आहे, आणि आपल्या गोरोबाकाकांच्या तेरचेही. या दोन्ही गावांचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जाई.

ऊन उतरले की पाण्याकडे जावे. थंडीत तेथे रोहित पक्षी येतात. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. भिंतीवर जाऊ देतात का, ज्ञानेश्वर उद्यान उघडे आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्यावे. होडीत बसायचे तर अंगात घालायचे तरंगते जाकीट मिळाल्याशिवाय बसू नये. भोई लोकांच्या होड्या काठावरून पाहिल्या तरी डोळे निवतात.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. एवढे पाणी समोर पाहून मला आधी घरचे रिकामे हंडे आठवले. आणि या पाण्याखाली शंभरावर गावे गेली आहेत. कोणाची चूल, कोणाचे तुळशीवृंदावन, कोणाचे माहेर तेथे खाली आहे. कोणाच्या तरी माहेरावर हे पाणी उभे आहे, हे ध्यानात ठेवून ते पाहावे.

आता मुख्य गोष्ट. अहमदपूर, अंबाजोगाई, बीड, गेवराई असा रस्ता आहे. पहाटे निघावे, एक मुक्काम करावा. भाकरी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यावी. दरमहा प्रत्येकीने पन्नास रुपये बाजूला टाकले तर वर्षभरात बरीचशी रक्कम जमेल. जिला तेवढे जमणार नाही, तिचे बाकीच्यांनी वाटून घ्यावे. लेकुरवाळ्या सुनांना सासवांनी आपण होऊन पाठवावे.

हळदीकुंकवाला आपल्यातल्या काही जणी मागे भिंतीला टेकून बसतात. का, ते सांगायला नको. गाडीत मागची-पुढची असे काही नसावे. तहानलेल्या गाढवाला काशीचे गंगाजल पाजणाऱ्या नाथांच्या गावी जाताना तरी आपण हा भेद गावाच्या वेशीबाहेर ठेवू. त्यांची नावे यादीत पहिली लिहावीत, एवढी माझी विनंती आहे.