दुर्बिणीचा आरसा आणि तिची बैठक

(विज्ञानशिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दुर्बीण म्हटली की आरसा केवढा, हे सर्वजण विचारतात. तिची बैठक कशी आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. शाळेची दुर्बीण वर्षभरात कपाटात जाऊन पडते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

न्यूटनने १६६८ मध्ये परावर्ती दुर्बीण तयार केली. तिचे तत्त्व आजही तेच आहे. नळीच्या तळाशी बसविलेला अंतर्गोल आरसा प्रकाश एकवटतो आणि वरच्या बाजूचा लहानसा तिरपा आरसा तो नेत्रभिंगाकडे वळवितो. भिंगातून जाताना निरनिराळे रंग कमीअधिक वळतात. आरशावरून ते सारखेच परावर्तित होतात. १५ सेंटिमीटर व्यासाचा आरसा अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या चारशे पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो.

परंतु शंभरपट वर्धन करणारी दुर्बीण स्वतःची थरथरही शंभरपट दाखविते. शिवाय पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्याने एवढ्या वर्धनात तारा साधारण दोन मिनिटांत दृष्टीआड होतो. यावर जुना उपाय असा, की बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवावयाचा. पुण्यात तो क्षितिजाशी सुमारे साडेअठरा अंशांचा कोन करील. मग त्या एकाच अक्षाभोवती दुर्बीण संथपणे फिरविली, की तारा जागचा हलत नाही.

दुसरी बैठक तोफेसारखी. आडवी फिरणारी आणि वरखाली होणारी. ती तोलास सोपी, परंतु ताऱ्यामागे जाण्यास दोन्ही अक्षांवर एकाच वेळी बदलत्या वेगाने हालचाल करावी लागते. जुन्नरजवळ गिरवली येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘आयुका’च्या दोन मीटर दुर्बिणीत हे काम संगणक करतो. अमेरिकेतील जॉन डॉब्सन यांनी हीच बैठक प्लायवूडच्या साध्या खोक्यात उतरविली. तेथे संगणकाचे काम हाताचा हलका धक्का करतो. आपल्या शाळांना हा मार्ग परवडण्याजोगा आहे.

काचेवर काच घासून विद्यार्थी आरसा हाताने घडवू शकतात. त्या परिश्रमांचे चीज व्हावयाचे तर बैठकही तितक्याच काळजीने करावी. रांगेतील शेवटच्या मुलीलाही शनीची कडी स्थिर दिसली, तरच ती दुर्बीण शाळेची झाली, असे मी समजेन.