आवाजाची पारख



बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. आवाज बद्द आला की कुठेतरी तडा आहे, हे कळते. माणसाच्या वाणीतले दोषही असेच, देहाला शस्त्र न लावता, नादावरून ओळखता येतील काय, हा आजचा विषय आहे.

१८५४ साली गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने लहानसा आरसा व सूर्यप्रकाश यांच्या साह्याने स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली. पुढे १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ध्वनीचे चित्र कागदावर उमटवणारे यंत्र तयार झाले. आज ते काम संगणक करतो. रोग्याने फक्त लांब ‘आ’ म्हणायचे. पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १०० ते १२५ वेळा, स्त्रीचे सुमारे २०० वेळा कंप पावतात. निरोगी गळ्यात ही कंपने जवळजवळ सारखी असतात. तंतूंवर गाठ आली की लय डळमळते. ते नीट मिटले नाहीत की हवा निसटून आवाजात खरखर मिसळते. ही विषमता मोजता येते. कंपवातात आवाज क्षीण व एकसुरी होतो, तोही मोजता येतो.

परंतु यंत्र ज्यांचे आवाज ऐकून शिकले, त्यांच्याच मापाने ते आपल्याला मोजणार! आपल्याकडे कित्येक घरांत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. ती आपली बोली आहे. तिला रोग कोण म्हणेल? ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ यांतले दोन ‘च’ इंग्रजीवर पोसलेल्या यंत्राला कसे उमगावेत? अशा यंत्राने एखाद्या धडधाकट मुलावर दोषाचा शिक्का मारला, तर ते मूल वर्गात तोंड उघडायचेच बंद होईल. म्हणून यंत्राला चाळणीचे काम द्यावे, निवाडा वाचातज्ज्ञाने करावा. या विद्येसाठी म्हैसूरला १९६५ साली आणि मुंबईत वांद्र्याला १९८३ साली राष्ट्रीय संस्था स्थापन झाल्या आहेत.

आपण एवढे करावे: मूल उशिरा बोलू लागले तर आधी त्याचे कान तपासून घ्यावेत. तीन आठवड्यांहून अधिक घसा बसला तर डॉक्टरांना दाखवावा. बोलता बोलता एकाएकी जीभ जड झाली, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. आणि अडखळणाऱ्याचे वाक्य आपण पुरे करू नये. त्याचे त्याला पुरे करू द्यावे.