वाडीचे पंचांग आणि विद्यार्थ्यांची सेवा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात रत्नागिरी येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारापूर्वी 'विद्यार्थी आणि समाजसेवा' ह्या विषयावर चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ह्या विषयावर गोड बोलणे फार सोपे आहे. सेवेचा महिमा गावा, दोन संतांची नावे घ्यावी, टाळ्या पडल्या की खाली बसावे. परंतु ज्या मुलामुलींचा आज आपण सत्कार करीत आहोत, त्यांतील पुष्कळजण महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आहेत. त्यांच्या हातून होणाऱ्या कामाचे मोल थोडे चिकित्सेने ठरवावे, हाच त्यांचा खरा मान होईल असे आम्हांस वाटते.

ही योजना कोठून आली, हे आपल्या कोकणवासीयांस ठाऊक असावयास हवे. महाड तालुक्यातील नाते ह्या गावी जन्मलेले डॉ. चिंतामणराव देशमुख ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ साली एक समिती नेमली गेली होती. शालान्त शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा केलीच पाहिजे, अशी त्या समितीची शिफारस होती. सक्तीची ती कल्पना सरकारच्या पचनी पडली नाही. पुढे गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव ह्यांनी ऐच्छिक स्वरूपात राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. प्रारंभी ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी तीत होते. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक घेतलेल्या गावी सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा साचा आहे.

'दत्तक' हा शब्द आम्हांस नेहमीच खटकत आला आहे. ज्या गावात ऐंशी वर्षांचे वृद्ध पडवीत बसलेले असतात, ते गाव एकोणीस वर्षांच्या मुलांनी दत्तक घ्यावयाचे! असो. शब्द सरकारी आहे. तो सोडून देऊ.

आता शिबिराचे चित्र पाहा. पहिल्या सत्राची परीक्षा आटोपते आणि डिसेंबर-जानेवारीत शिबिर लागते. मुले पहाटे उठतात, प्रभातफेरी काढतात, पऱ्ह्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून वनराई बंधारा घालतात, एक दिवस डॉक्टरांस बोलावून तपासणी करवितात, रात्री पथनाट्य होते. ह्यातले काहीच वाईट नाही. कोकणात ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत बायांना हंड्यासाठी वणवण करावी लागते. जांभ्या दगडात पाणी टिकत नाही. त्यामुळे ओहोळ वाहता आहे तोवर घातलेला बंधारा हे सोन्यासारखे काम आहे. शिबिरातले तेवढे काम ऋतूस धरून होते, म्हणून तेवढे उपयोगी पडते.

बाकीच्या कामांचे तसे नाही. आमच्या आजच्या सर्व म्हणण्याचे मूळ येथे आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यात सर्वांत मागे राहिलेली वस्ती कोणती, असे विचारल्यास सह्याद्रीच्या उतारावरील धनगरवाड्या आणि मंडणगड, दापोली, खेड ह्या भागांतील कातकरी वाड्या, हे उत्तर द्यावे लागेल. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. कात गेला, जंगलावरचा हक्क गेला आणि नाव तेवढे उरले. महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित म्हणून गणलेल्या तीन आदिवासी जमातींत त्यांचा समावेश होतो. उरलेल्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. ह्या जमातीतील कित्येक कुटुंबे भातकापणी झाली, दिवाळी उलटली की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात हात रिकामे असताना घेतलेली उचल फेडावयाची असते, म्हणून लेकराबाळांसह जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे आमचे विद्यार्थी डिसेंबरात सेवेचा फलक घेऊन ज्या वाडीत पोहोचतात, त्या वाडीत कुडाच्या दारांना बाहेरून काठी लावलेली आढळते. मागे राहिलेल्या चार म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजला जातो, छायाचित्र निघते, अहवाल पूर्ण होतो. विद्यार्थ्यांचे पंचांग निराळे, वाडीचे पंचांग निराळे. दोहोंची भेट होत नाही.

ह्याच जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक येथे जन्मलेल्या नामदार गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापिला. त्यात येणाऱ्या प्रत्येक सेवकास पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. आफ्रिकेहून परतलेल्या गांधीजींनाही त्यांनी १९१५ साली हेच सुचविले, की वर्षभर देश पाहावा आणि तोवर बोलू नये. केवढी ही सावधगिरी, असे तेव्हा कोणास वाटले असेल. आमच्या मुलांना पाच वर्षे कोठून मिळणार? पण पहिल्या दोन-चार फेऱ्या केवळ पाहण्यासाठी कराव्या, वाडी केव्हा भरलेली असते आणि केव्हा ओस पडते एवढे तरी टिपून घ्यावे, इतका गोखल्यांचा धडा घेणे अवघड नाही.

वाडी भरलेली असते ती पावसाळ्यात, आणि आजारही तेव्हाच येतात. चिखलात अनवाणी लावणी करणाऱ्यास पायाच्या भेगांतून लेप्टोचा जंतू शिरतो. ताप, अंगदुखी आणि लाल डोळे ह्यांकडे साधा ताप म्हणून दुर्लक्ष झाले तर मूत्रपिंड आणि यकृत निकामी होऊ शकते. बांधावर साप असतो. त्यानंतर पाऊस ओसरताना विंचू निघतात. लाल विंचवाची कथा तर कोकणाने मुद्दाम सांगावी अशी आहे. महाडकडे काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या ध्यानात आले, की दंश झालेला मनुष्य दरदरून घामेजतो, त्याला वांत्या होतात, हातपाय गार पडतात आणि शेवटी हृदय दगा देते. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी अशा रोग्यांस वेळीच दिल्यास जीव वाचतो, हे त्यांनी खेडेगावात राहून सिद्ध केले आणि परदेशी वैद्यकीय नियतकालिकांत मांडले. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. परंतु गोळी आरोग्य केंद्रात आहे आणि रोगी मांत्रिकापुढे बसला आहे, अशी स्थिती असेल तर त्या शोधाचा काय उपयोग?

विद्यार्थ्याचे काम ह्या दोहोंमधल्या अंतरात आहे. त्याने औषध द्यावयाचे नाही. तो डॉक्टर नव्हे. साप चावल्यास कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये, तो अवयव हलू न देता तडक दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. वाडीपर्यंत गाडी येत नसेल तर डोलीची काठी आणि उचलणारे चारजण आधीच ठरलेले असावे. हे त्याने घरोघर बसून, पुन्हा पुन्हा, त्यांच्या बोलीत सांगावे. एकदा भाषण करून हे साधत नाही. तीच गोष्ट बायांच्या रक्तक्षयाची. शिबिरात रक्त तपासून आकडा कागदावर लिहून दिला, की आपले कर्तव्य संपले असे आपण मानतो. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, पण पोटात मळमळते म्हणून त्या फडताळात पडून राहतात. घेतल्या तरी चहाबरोबर घेतल्या जातात, आणि चहामुळे लोह अंगी लागत नाही. जेवणानंतर, लिंबाच्या फोडीबरोबर घे गं बाई, हे सांगणारी मुलगी दर रविवारी तिच्या दारात आली पाहिजे.

आणि भट्टीवर जाण्यापूर्वीचे पंधरा दिवस! आमच्या मते सर्व वर्षात एवढे मोलाचे दिवस दुसरे नाहीत. कोणत्या बाळाची नवव्या महिन्याची गोवराची लस राहिली, कोणत्या गरोदर बाईचे दिवस भट्टीवर भरणार, लसीचे कार्ड गाठोड्यात बांधले की नाही, ही यादी आशाताईंबरोबर बसून करावी. लिहिता-वाचता येणाऱ्या मुलांना ह्याहून सोपे आणि ह्याहून मोठे काम आम्हांस सुचत नाही.

आशाताईंचे नाव हेतुपुरस्सर घेतले. काम मुलांनी आपल्या अंगावर ओढून घेऊ नये. ज्या व्यक्तीला तेथेच राहावयाचे आहे तिचा हात बळकट करावा. गडचिरोलीसारख्या दूरच्या जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनी गावातल्याच बायांना नवजात अर्भकांची निगा शिकविली. ३९ गावांतील ह्या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात अर्भकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. मोठे रुग्णालय बांधून हे घडले नाही. गावची बाई शिकली आणि गावातच राहिली, म्हणून घडले.

कौशल्याविषयी हेच लागू आहे. शिवणयंत्रे वाटणे आणि त्यांचे पुढे काय होते, ह्यावर बोलण्यास आज वेळ नाही. आमच्या डोळ्यांपुढे एकच कसब आहे : कलम बांधण्याचे. १८ मे १९७२ रोजी दापोलीस कृषि विद्यापीठ स्थापन झाले. तेथील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांस अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून खेड्यात राहून काम करावे लागते. त्यांपैकी काही आपल्या ज्ञातीचे आहेत. त्यांनी वाडीतील तरुणांस आणि बायांस आंब्याचे कोय कलम शिकवावे. आंबे खाऊन झाले की कोयी मातीत पेरावयाच्या. पंधरवड्यात कोंब येतो. तो तांबूस आणि कोवळा आहे तोवर खुडून त्यात चीर द्यावयाची, हापूसच्या झाडाची पाने उतरवून ठेवलेली काडी पाचरीसारखी तासून तीत बसवावयाची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावयाची. कोंब हिरवा झाला की कलम धरण्याची आशा कमी. म्हणजे सारा खेळ पावसाच्या पहिल्या महिना-दीड महिन्याचा, आणि नेमके तेव्हाच हे लोक घरी असतात. ज्यांच्या हातांना कोयता आणि झाड ह्यांची पिढीजात ओळख आहे, त्यांस हे कसब शिकण्यास फार दिवस लागत नाहीत. रोपवाटिकांतून कलमे बांधणाऱ्यास नगावर मजुरी मिळते. त्या मजुरीने उचल थोडी जरी कमी घ्यावी लागली, तरी भट्टीवरचा एखादा महिना वाचेल. साऱ्यांचे स्थलांतर ह्याने थांबेल असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे ही फसवणूक होईल.

येथे एक आक्षेप येईल, नव्हे मंडळाच्या बैठकीत तो आलाच आहे. ज्ञातीचा निधी ज्ञातीच्या मुलांसाठी. ज्या वाडीत आपले एकही घर नाही तेथे तो का वेचावा? आक्षेप घेणारे आमचे ज्येष्ठ बंधू आहेत, त्यांनी ह्या मंडळासाठी आयुष्य झिजविले आहे, आणि निधी कसा पैपैने जमला हे त्यांना ठाऊक आहे. त्यांस आम्ही एवढेच नम्रपणे विचारतो, की ह्याच रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी पतितपावन मंदिर उभारले ते कोणासाठी? भंडारी समाजातला हा मनुष्य मुंबईत कंत्राटदारी करून वर आला. आपल्या ज्ञातीपुरते देवालय बांधता तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी सर्व जातींस खुले असे देवालय बांधले, म्हणून आज त्यांचे नाव सर्व जाती घेतात. शिवाय वाडीसाठी आम्ही पैसा मागतच नाही. मागतो तो मुलांचा रविवार, आणि त्यांच्या एस.टी.चे भाडे.

हिशेब साधा आहे. योजनेनुसार वर्षाला १२० तास द्यावयाचे असतात. रविवारी सहा तास धरले तर वीस रविवार होतात. जुलैच्या प्रारंभापासून मोजू लागलो तर हे वीस रविवार नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे कलमे बांधण्यापासून भट्टीवर जाण्याच्या दिवसापर्यंत, बरोबर पुरतात. जणू कोणी वाडीचे पंचांग पुढे ठेवूनच तास ठरविले असावे! महाविद्यालयांनी डिसेंबरचे शिबिर खुशाल घ्यावे, बंधारे घालावे. हे वीस रविवार त्याशिवाय.

म्हणून आमची सूचना अशी. मंडळाची शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी जे राजी असतील त्यांची एक तुकडी करावी. सक्ती कोणावर नको. तुकडीने एकच वाडी निवडावी आणि तीन वर्षे बदलू नये. पहिल्या रविवारी आशाताईंची आणि उपकेंद्रातील परिचारिकेची गाठ घ्यावी, वाडीतील जाणत्यांची परवानगी घ्यावी, आणि ती न मिळाल्यास मुकाट्याने परत यावे. फलक नेऊ नये. अहवाल लिहावाच लागेल, पण त्यात किती फेऱ्या झाल्या एवढ्यावर न थांबता तीन वर्षांनी वाडीतले कितीजण स्वतः कलम बांधतात आणि किती बाळांची कार्डे पूर्ण आहेत, ते लिहावे. मुलींना पाठविण्यास आईवडील कचरतात, ते स्वाभाविक आहे. पण बायांशी बोलण्याचे निम्मे काम मुलींवाचून होणार नाही, म्हणून प्रत्येक फेरीस मंडळाच्या महिला शाखेतील एक वडीलधारी भगिनी बरोबर असावी. दोन भगिनींनी तशी तयारी ह्या सभेपूर्वीच दर्शविली आहे.

कोयी पेरण्याचे काम मे महिन्याअखेर सुरू होते. तेव्हा ज्यांस यावयाचे असेल त्यांनी आपले नाव आणि पालकांचे संमतिपत्र त्यापूर्वीच चिटणीसांकडे द्यावे, आणि सकाळी सातच्या आत सुटणाऱ्या एस.टी. गाड्यांच्या वेळा डेपोत विचारून ठेवाव्या. घरात आंबे खाऊन झाल्यावर कोयी फेकू नयेत. धुऊन, सावलीत वाळवून त्या मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्या.