सुधारणेचे सूत्र कर्मचाऱ्याच्या हाती
(शासकीय व जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले भाषण)



कार्यालयीन सुधारणेचा विषय निघाला की वरून आलेले परिपत्रक आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परिपत्रके आवश्यक आहेतच. परंतु कागद नेमका कोणत्या टेबलावर व कशामुळे अडतो, हे तो कागद रोज हाताळणाऱ्या लिपिकाला अधिक ठाऊक असते. त्याचे हे ज्ञान कामी लावणे, हाच निरंतर सुधारणेचा पाया होय.

या विचाराला शिस्तबद्ध रूप दिले ते जपानने. १९६२ मध्ये तेथे गुणवत्ता मंडळांची चळवळ सुरू झाली. प्राध्यापक काओरू इशिकावा हे तिचे प्रमुख प्रवर्तक. एकाच ठिकाणी काम करणारी मोजकी माणसे नियमितपणे एकत्र बसतात, आपल्याच कामातील एक अडचण निवडतात, नोंदी ठेवून तिचे कारण शोधतात आणि उपाय करून पाहतात. भारतात १९८० मध्ये भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या हैदराबाद येथील कारखान्यात हा प्रयोग सुरू झाला.

ही गोष्ट केवळ कारखान्यांपुरती नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभी त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची बैठक व्यवस्था, अभिलेखांची मांडणी आणि कामाची रीत बदलली. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ती राज्यभर परिचित झाली. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे व नष्ट करावयाचे कागद, ही सहा गठ्ठ्यांची पद्धत आपण सर्व जाणता. पण गठ्ठे बांधल्याने पद्धत जिवंत राहत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी बांधलेला गठ्ठा आणि रोज हाताळला जाणारा गठ्ठा यांत जो फरक आहे, तो कर्मचाऱ्याच्या मनातील आपलेपणाचा आहे.

कायद्याचेही तसेच. कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे प्रलंबित राहू नये, असे बदल्या व विलंब यांविषयीचा २००५ चा महाराष्ट्र अधिनियम सांगतो. कायदा मुदत घालून देतो. ते सात दिवस कोठे खर्ची पडतात, हे मात्र आपणच शोधावयाचे आहे. समजा, दाखल्यांचे अनेक अर्ज त्रुटीसाठी परत जात आहेत. लिपिकाने महिनाभर परतीचे कारण टिपून ठेवले आणि बहुतेक अर्जांत एकच कागद जोडलेला नसतो असे आढळले, तर त्या कागदाची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल. खर्च जवळजवळ नाही. पण शेतमजूर स्त्रीची एक खेप आणि एका दिवसाची मजुरी वाचते.

यासाठी कार्यालयप्रमुखांनी काही पथ्ये पाळावयास हवीत. महिन्यातून अर्धा तास सर्वांनी एकत्र बसावे. शिपाई व वाहनचालक यांनाही बोलावे असे वाटले पाहिजे. एका वेळी एकच अडचण घ्यावी. प्रत्येक सूचनेला उत्तर द्यावे. ती स्वीकारता येत नसेल तर कारण सांगावे. उत्तर न मिळालेली सूचना ही त्या माणसाची शेवटची सूचना ठरते. श्रेय सुचविणाऱ्याच्या नावे नोंदवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अडचण सांगणाऱ्यावरच ठपका ठेवू नये. तसे एकदा घडले की पुढे सर्व काही ‘ठीक’ असल्याचेच अहवाल येतात.

रिक्त पदे किंवा जुने नियम यांवर अशा बैठकीत उपाय निघणार नाही, हे खरे. ते प्रश्न वरिष्ठांकडे लेखी पाठवावेत. पण आपल्या टेबलापासून शेजारच्या टेबलापर्यंतचे अंतर तरी आपल्या हाती आहे. या महिन्यात तेवढ्यापासून आरंभ करावा, एवढीच माझी आपणास विनंती आहे.