वरातीतले ‘झिंगाट’

(सांगली येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



संगीत आणि चित्रपट या विषयांवर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी तिकीट काढून चित्रपट पाहतो आणि एस. टी.त शेजारच्या मुलाच्या मोबाईलवर जे लागेल ते ऐकतो. मिरजेच्या इतक्या जवळ उभे राहून ही कबुली देताना संकोच वाटतो. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि ज्या गावच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेथे माझ्यासारख्याने सुराविषयी बोलू नये. पण मी सुराविषयी बोलणारही नाही.

आपल्या बैठकांत नव्या गाण्यांची संभावना बहुधा एकाच शब्दात होते : थिल्लर. हा शब्द वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी ती गाणी ऐकली आहेत, हे विचारण्याचे धाडस मी आजवर केले नव्हते. संजू राठोड या तरुणाचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे २०२४ साली आले आणि मराठी न जाणणाऱ्यांच्या तोंडीही गेले. जळगाव जिल्ह्यातला हा मुलगा कोणा बड्या निर्मात्याच्या दारात ताटकळला नाही. त्याच वर्षीचे ‘तांबडी चामडी’ मात्र पहिल्यांदा ऐकताना पाय हलला, तिसऱ्यांदा कंटाळा आला. असे कंटाळे आणणारी नाट्यगीतेही होतीच. काळाने ती गाळून टाकली म्हणून आपल्याला आठवत नाहीत, इतकेच.

चित्रपटांबाबत माझी एक जुनी कुरकुर आहे. वाई आणि मेणवलीचा घाट पडद्यावर कितीदा तरी दिसला. पण ‘गंगाजल’मध्ये तो बिहार झाला, ‘स्वदेस’मध्ये उत्तर प्रदेश झाला, ‘दबंग’मध्ये पुन्हा उत्तर प्रदेश. कृष्णाकाठाने सगळ्यांची सोंगे केली. त्यामुळे आपला मुलूख आपल्याच नावाने, आपल्याच दुखण्यासह पडद्यावर येतो तेव्हा मी खुर्चीत सावरून बसतो. १९७५ साली जब्बार पटेलांच्या ‘सामना’त निळू फुल्यांनी साखरपट्ट्यातला सत्ताधीश उभा केला, तेव्हा अनेकांना आपापल्या तालुक्यातला कोणी ना कोणी आठवला. निळूभाऊ सेवा दलाच्या कलापथकात घडलेले होते, हे या सभेत वेगळे सांगायला नको.

त्या सत्ताधीशाच्या घरात एक मुलगी असते आणि तिलाही काही हवे असते, हे पाहायला मात्र २०१६ साल उजाडावे लागले. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ करमाळ्याकडच्या मातीतला असला तरी ऊस तोच, तात्या तेच. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि परश्याशी लग्न करते म्हणून मारली जाते. अजय-अतुल यांनी या चित्रपटासाठी हॉलिवूडला जाऊन सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेतला. शेवटच्या दृश्यात मात्र कसलाच आवाज नाही. मी सांगलीत हा चित्रपट पाहिला. ‘झिंगाट’ला मुले खुर्च्यांवर उभी राहून नाचत होती. बाहेर पडताना तीच मुले एकमेकांकडे पाहत नव्हती.

दोन वर्षांनी ‘धडक’ नावाने त्याची हिंदी आवृत्ती निघाली. गोष्ट उदयपूरला गेली आणि वाटेत जात पातळ झाली. ‘झिंगाट’ तेवढे हिंदीतही ठेवले. आपण यावर फार हसण्याचे कारण नाही. आपणही तेच केले आहे.

गेल्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नासाठी वाळवा तालुक्यात गेलो होतो. वरातीला डॉल्बीच्या भिंती. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा. तेथे घराघरांतली भांडी मांडणीवर नाचत होती. ‘झिंगाट’ लागले आणि वधूचे काका सर्वांच्या पुढे होऊन नाचू लागले. या गृहस्थांनी त्याआधी दोन वर्षे आपल्या मुलीशी एक शब्द बोललेला नव्हता, कारण तिने जातीबाहेर लग्न केले. ती त्या मांडवात नव्हती. तिला बोलावलेच नव्हते. गाणे संपेपर्यंत मीही नाचत होतो, आणि नंतर जेवताना शेजारी बसूनही त्यांना काही विचारले नाही.

वाळवा आणि तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ साली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ या काळात याच पट्ट्यात ‘गांधी विवाह’ लावले : हुंडा नाही, मानपान नाही, खर्च नावापुरता. इंग्रजांची पकड वॉरंटे असताना माणसे हे करत होती. आज त्याच गावांत डॉल्बीसाठी पतसंस्थेचे कर्ज निघते.

तेव्हा गाण्याला दोष देऊन आपली सुटका नाही. गाणे करणाऱ्याने त्याच्यापुढे जवळजवळ तीन तासांची गोष्ट ठेवली होती; आपण चार मिनिटे कापून घेतली आणि उरलेली गोष्ट चित्रपटगृहातच सोडून आलो. तरुण कार्यकर्त्यांना मी म्हणेन, गावात पडदा लावा आणि ‘सैराट’ शेवटापर्यंत दाखवा. जमल्यास चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ही, लोकशाहिरावरचा खटला कसा चालतो ते त्यात आहे आणि शाहिरी संभाजी भगतांची आहे. नंतर भाषण करू नका. माझे तर मुळीच ठेवू नका.

पुढच्या महिन्यात माझ्या मुलाचे नोंदणी पद्धतीने लग्न आहे. डॉल्बी नाही, यावर तो नाराज होता. ‘झिंगाट’ पाहिजेच, असा त्याचा हट्ट. हलगीवर वाजवा, एवढे मी मान्य केले आहे. त्या काकांना पत्रिका दिली आहे. त्यांच्या मुलीला आणि जावयालाही दिली आहे, आणि दोघांना दिल्याचे दोघांनाही सांगितले आहे. मुलगी येते म्हणाली. काकांनी अजून काही कळवलेले नाही.