मांजर नाक कां मुरडतें?

कालपर्यंत दूधभाताची वाटी चाटून लख्ख करणारें मांजर आज तीच वाटी हुंगतें आणि शेपटी उभारून निघून जातें. घरांतल्या आजीबाई म्हणतात, 'लाडावलें आहे झालें! भूक लागली म्हणजे येईल आपोआप.' हा न्याय नातवंडांना लागू पडत असेल. मांजराला तो लावणें मात्र धोक्याचें आहे.

मांजर हें मूळचें मांसाहारी जनावर. गोड चव ओळखणारें जनुक त्याच्या ठायीं निकामी झालेलें असतें, असें फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं दाखवून दिलें. तेव्हां दुधांत साखर घालून त्याची मनधरणी करणें व्यर्थ होय. शिवाय पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचत नाहीं. आणि टॉरीन नांवाचें जें द्रव्य मांसमासळींतून मिळतें, तें केवळ भातांतून मिळत नाहीं. त्याच्या अभावीं मांजराची दृष्टि जाते, हें १९७५ सालींच सिद्ध झालें आहे.

अन्नाची पारख मांजर प्रथम नाकानें करतें. फ्रीजमधून काढलेल्या थंडगार मासळीला वास तो कितीसा येणार? तीच उकडून, कांटे काढून, कोमट असतांना पुढें ठेवावी. कांदालसूण मात्र तिला लावूं नये, कारण तीं मांजराच्या रक्तास अपायकारक आहेत. वाटी रोज धुवावी. नवें अन्न द्यावयाचें तर जुन्यांत थोडें थोडें मिसळून आठदहा दिवसांत पालट करावा.

इतकें करूनही मांजर खात नसेल, तर त्याच्या हट्टाला हट्टानें उत्तर देऊं नये. कांहीं दिवसांच्या उपवासानेंही त्याच्या अंगांतली चरबी यकृतांत सांचूं लागते व तें दगावण्याची भीति असते. लठ्ठ मांजराला तर ती अधिकच.

नखरा आणि आजार यांतला भेद ओळखण्याची एक साधी खूण आहे. भाताला नाक मुरडणारें मांजर कोळंबीवर झडप घालीत असेल, तर त्याला खुशाल शिस्त लावावी. परंतु आवडीच्या घासाकडेही तें पाठ फिरवीत असेल, तर दांत, हिरड्या, चोंदलेलें नाक अथवा पोटांतील कांहीं दुखणें असण्याचा संभव असतो. असें मांजर सबंध दिवस उपाशी राहिलें, तर आजीबाईंनीं दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां त्याला टोपलींत घालून पशुवैद्याकडे पाठवावें.